गोरजाचा मुहूर्त

बेळगाव, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं कागदावर लिहितो. आपल्या दिव्याचं लग्न बालीला ठरलं. श्रेयसच्या घरच्यांची हौस. मुलीच्या बापाचं कोण ऐकतं! मुहूर्त रविवार, २३ नोव्हेंबर, गोरजाचा. आम्ही तयारीला आधी जाऊ. तुझ्या गुडघ्यांना ती धावपळ नको, म्हणून तुझं तिकीट शनिवारचं काढलंय. संध्याकाळी सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळूर, तिथं थोडी पाठ टेक, पहाटेचं विमान, आणि रविवारी दुपारी बाली. आरामात मांडवात येशील.

पासपोर्ट हातातल्या पिशवीत ठेव. तूप, लोणचं मोठ्या बॅगेत. व्हीलचेअर सांगितली आहे, लाजू नको. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तू सूर्यास्ताआधी जेवतेस, तर सूर्य तिथलाच धर, निपाणीचा नको! कांदा-बटाट्याशिवाय स्वयंपाक करायला हॉटेलात सांगितलंय. खोली तळमजल्यावर आहे, जिना नाही. हायवेचं काम चालू आहे, तेव्हा घरातून लवकर निघ.

रागावलीस तरी माया कमी करू नको.

तुझा,
पारिसा

निपाणी, १२ ऑक्टोबर

चि. पारिसास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेजारच्या जयाबाईलाबी वाचून दाखवलं. ती म्हणाली, ह्या वयात समुद्रापलीकडं कशाला जातीस गं? मी म्हटलं, दिव्याची आई गेली तवा पोरगी एवढीशी होती, माझ्या मांडीवर वाढली, दहावीपर्यंत हितंच होती. मी न्हाय जायचं तर कुणी जायचं?

व्हीलचेअरला लाजत न्हाय. राणीगत बसणार. दशम्या मात्र करून आणते, तुझ्या हॉटेलवाल्याचा काय भरवसा! आणि बेळगावात लहानपणी तळ्याला भिणारा तू, समुद्रावर मांडव घालतोस म्हणून लई हसू आलं.

एकच मागते. मी नवरा गेलेली बाई. मला पुढं बसवू नको, अक्षता टाकायलाबी बोलवू नको. मागं एक खुर्ची दे. अंतरपाट निघताना पोरीचं तोंड दिसलं म्हणजे झालं.

तब्येतीला जप. सगळ्यांवर जीव आहेच.

तुझी आक्का,
राजमती

बेळगाव, ४ डिसेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

परत गेल्यापासून तुझी ओळ नाही. तू पोचलीस तेव्हा माणसं मांडवाची फुलं उतरवत होती, याची रुखरुख आम्हालाही आहे. पण पावसाचा अंदाज आला आणि ऐनवेळी मुहूर्त सकाळी घ्यावा लागला. विमानात बसलेल्या माणसाला कळवणार कसं? नशिबापुढे काय चालतं? दिव्या तुझ्या गळ्यात पडून किती रडली, ते सगळ्यांनी पाहिलं. सोबत फोटो पाठवतो. अंतरपाटाचाही आहे.

मनात काही ठेवू नको, एवढीच मागणी.

तुझा,
पारिसा

निपाणी, ११ डिसेंबर

पारिसास आशीर्वाद.

फोटो मिळाले. परवा बेळगावला डॉक्टरांकडं आलते. जाता जाता तुझ्या तिकीटवाल्या नागेंद्राकडं गेले. पोरानं व्हीलचेअरची झकास सोय केलती, म्हणून लाडू नेले होते. बोलता बोलता मी म्हटलं, पावसानं घोळ केला बघ, मुहूर्तच हलला. तो गोंधळला. म्हणाला, आत्या, मुहूर्त पहिल्यापासनं सकाळचाच होता की. तुमचं विमान उशिरा पोचतंय म्हणून मीच साहेबांना सांगितलं, आदल्या विमानात जागाबी होती. साहेब म्हणाले, असू दे, तेच पायजे. एवढं बोलल्यावर त्याच्या ध्यानात आलं आणि तो उगाच कागद चाळायला लागला. मी डबा तिथंच ठेवून उठले.

येऊ नको म्हणाला असतास तर घरात बसून रडले असते आणि विसरले असते. तू मला तिकीट काढून, खुर्चीत बसवून, समुद्र ओलांडून नेलंस, मोकळ्या खुर्च्या बघायला. तुझीबी बायको गेलीया, पारिसा. तू फेटा बांधून मांडवात उभा होतास. तुझा अपशकुन कुणाला झाला न्हाय?

दिव्याला यातलं काही कळू देऊ नको. पोरीच्या जिवाला लागंल.

राजमती

बेंगळूर, २१ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांनी मला वाचायला दिलं. शेवटची ओळ वाचली आणि तुला खरं सांगितल्याशिवाय राहवेना. मला माहीत होतं, आत्या. श्रेयसच्या आईंनी मांडवात विधवा बाई नको, असं बजावलं होतं. तुला बोलावलंच नाही तर तू कोसळशील, आलीस तर त्या उठून जातील. विमानाची युक्ती अप्पांची, पण मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. त्या संध्याकाळी रडले ते त्यामुळंच.

तू माझं सगळं समजून घेत आलीस. हेही घेशील, असं धरून चालले. संक्रांतीला आम्ही दोघं निपाणीला येऊ का? मी वाढले ते घर श्रेयसला दाखवायचंय. नाही म्हणू नको.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
दिव्या

निपाणी, २ जानेवारी २०२६

चि. दिव्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. बापाचा राग आलता, तो बोलून मोकळी झाले. तुझ्यावर रागावता येईना, म्हणून उत्तराला उशीर झाला.

संक्रांतीला दोघं या. खोली झाडून घेतलीया. जावईबापूंना पुरणपोळी आवडती का कळव. घर दाखव, शाळा दाखव, चार दिवस राहा.

नवी नवरी पहिल्यांदा घरी आली की ओटी भरायची रीत आहे. ती जयाबाई भरंल, तिला सांगून ठेवलंय. तिचा नवरा खुटखुटीत आहे, तुझ्या सासूबाईंचीबी हरकत नसावी. तेवढा वेळ मी बस्तीत, आपल्या जैन देवळात, देवापुढं जाऊन बसते. ओटी भरून झाली, फोटोबिटो झाले, की कुणाला तरी पाठव. मग मी घरी येईन.

तुझी आत्या