खिशातले तीन फ्यूज

आबा,

तुमचा फ्यूज अजून माझ्याकडे आहे. पांढऱ्या चिनी मातीचा, एका कोपऱ्याला टवका उडालेला, मुठीत जेमतेम मावणारा. वर्गात तो मी टेबलावर ठेवते. पहिल्या दिवशी त्याच्याकडे कुणी बघत नाही. दुसऱ्या दिवशी एखादा विचारतो, मॅम, हे काय, पेपरवेट का? मी थांबा म्हणते. तिसऱ्या दिवसाशिवाय त्याची गोष्ट सांगत नाही.

मी काय शिकवते ते तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही होता तोवर मी नुसती नोकरी करत होते, शिकवायला नंतर लागले. बँकेचं, दवाखान्याचं, मोठ्या कारखान्याचं सगळं काम ज्या कॉम्प्युटरांवर चालतं, त्यांना सर्व्हर म्हणतात. ते किती असावेत, कुठे असावेत, एक बंद पडला तर त्याचं काम कुणी उचलायचं, हे सगळं आधी कागदावर ठरवावं लागतं. तुमच्या वायरमनच्या कामात जसं खांब रोवायच्या आधी लाइन कुठून न्यायची ते ठरतं, तसं. हे ठरवायला मी शिकवते. शिकायला येतात ते नवखे नसतात. आठ-दहा वर्षं नोकरी केलेले असतात, काही माझ्यापेक्षा जास्त पगाराचे. हिंजवडीच्या बाजूला एका इमारतीत आमचा वर्ग असतो, पाच दिवसांचा. पहिले दोन दिवस मी त्यांना कॉम्प्युटर उघडू देत नाही. कागद आणि पेन्सिल. त्यांना ते अपमानासारखं वाटतं. मग पेन्सिलीला टोक करता करता गप्पा सुरू होतात.

तिसऱ्या दिवशी ते दोन चौकोन काढतात. एक सर्व्हर काम करणारा, दुसरा थांबून राहिलेला. दुसरा दर काही सेकंदांनी पहिल्याला विचारतो, आहेस का? पहिला सांगतो, आहे. उत्तर आलं नाही की दुसऱ्याने काम हातात घ्यायचं. एवढं काढून ते पेन्सिल खाली ठेवतात. झालं, असं तोंडावर असतं. मग मी विचारते, उत्तर आलं नाही तर दुसऱ्याने काय समजायचं? पहिला गेला, मॅम. आणि गेला नसेल तर? नुसती मधली तार तुटली असेल तर? एखादा पेन्सिल पुन्हा उचलतो. मी म्हणते, तुम्ही दुपारी दोन तास घरचा फोन उचलला नाही, तर घरचे तुमचं तेरावं घालतात का? या आठवड्याच्या बॅचमधला एक जाडजूड गृहस्थ म्हणाला, माझी बायको घालेल, मॅम. सगळे हसले. हसू ओसरल्यावर मी त्यांना पुढचं काढायला लावते. पहिला जिवंत आहे, काम करतो आहे. दुसऱ्याला वाटतं तो मेला, म्हणून तोही काम सुरू करतो. आता मालक दोन. एकाच रुग्णाच्या कागदावर दोघं दोन वेगळी औषधं लिहितात. दोघांनाही आपण बरोबर आहोत असंच वाटतं. मग मी फ्यूज उचलून हातात घेते आणि तुमची गोष्ट सांगते.

ती दुपार मार्चमधली. माझं एम.ए. झालेलं, मराठी विषय घेऊन, आणि मी आपल्या गावी, भऱ्याला, घरी बसलेली. सर्व्हरचा सहा महिन्यांचा कोर्स होता, कुठल्याही पदवीला चालणारा. ऑनलाइन फॉर्मची शेवटची तारीख तीच, पाच वाजेपर्यंत. गावात इंटरनेट फक्त दूध संस्थेच्या ऑफिसात. सकाळी भाकरी बांधून घेताना तुम्ही म्हणाला होता, "दुपारच्याला लाइट जाईल गं. वाडीकडच्या खांबावर तारा जोडणारा जंपर जळालाय." मी ऐकलं होतं. तरी पुस्तक वाचत बसले आणि दोनला ऑफिसात गेले. फॉर्म अर्धा भरून झाला आणि पडदा काळा झाला.

बाहेर येते तर शेजारची गिरणी बंद पडलेली. दळणाचे डबे ओळीने मांडलेले, बाया सावलीला टेकलेल्या. गिरणीवाले तात्या पिठाने पांढरे होऊन दारात उभे. समोरच ट्रान्सफॉर्मर, त्याच्याखाली फ्यूजची पेटी, तिचं दार नेहमीसारखं उघडंच. आत तीन रिकाम्या जागा. तीन फ्यूज काढून तुम्ही बरोबर नेले होते. तुमची ती पद्धत साऱ्या गावाला माहीत. बाकीचे वायरमन फ्यूज काढून पेटीवर ठेवत, तुम्ही पँटच्या खिशात घालायचा. आई म्हणायची, खिसे शिवून शिवून माझी बोटं गेली. आणि दुसरी ती लोखंडी साखळी. चढायच्या आधी खांबाच्या बुडाशी सळई ठोकायची, साखळीचं एक टोक तिला बांधायचं आणि साखळी चारही तारांवर टाकायची. तुमच्या जोडीचे हसायचे. फ्यूज खिशात हाय, मग ही शेळीची साखळी कशाला वागवता? तुम्ही म्हणायचा, "फ्यूज माझ्या खिशात हाय. दुसऱ्याच्या खिशात काय हाय ते मला काय म्हाईत?"

"काय गं," तात्या मला म्हणतात, "तुझा बा खांबावर झोपला का काय?"

"येतील इतक्यात."

"इतक्यात इतक्यात म्हनता तीन वाजलं. फोन लाव की त्याला."

फोन लागत नाही. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, असं एक बाई सांगते. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"उतरला आसंल का?"

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. मग तात्या गिरणीत जातात, तारेचा एक तुकडा आणि वाळकी काठी घेऊन येतात. पेटीच्या रिकाम्या जागेत तार अडकवतात. मी घड्याळ बघत उभी. भर उन्हात निळा उजेड पडतो आणि सुतळी बॉम्बसारखा आवाज होतो. तात्या मागे मातीत बसलेले, मनगटावरचे केस जळालेले. तार वितळून गेलेली. एक बाई हळूच म्हणते, "अगं बया, वर कोन हाय का?"

मी वाडीच्या रस्त्याला धावत सुटले. अर्ध्या वाटेत तुम्ही समोरून येताना दिसलात. नेहमीच्या चालीने. खिशातले फ्यूज एकमेकांवर आपटून वाजत होते. वीज तुमच्या तारांपर्यंत आली होती. साखळीने ती तिथल्या तिथे जमिनीत उतरवली, तात्यांची तार जळाली, तुमच्या हाताला काही कळलंही नाही. फक्त साखळी एकदा थरथरली म्हणून उतरून बघायला आलो, असं तुम्ही नंतर सांगितलंत. मला बघून म्हणालात, "धावतीस कशाला? पडशील."

पेटीपाशी येऊन तुम्ही आधी तात्यांचं मनगट बघितलंत. मग विचारलंत, "कुनी सांगितलं मी उतरलो म्हनून?" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "कुनी न्हाई. मलाच वाटलं."

"वाटलं," तुम्ही म्हणालात. जोरात नाही. "ठाव न्हाई म्हनायचं, तात्या. ठाव न्हाई म्हनल्यानं कुनी मरत न्हाई."

"चुकलं, बाबा. लई मोठं चुकलं."

"माझी कारभारीन त्या साखळीला रोज शिव्या घालतीया, जड म्हनून. आज सांगतो तिला." बाया हसल्या. तात्यांना हसता आलं नाही. तुम्ही पाणी प्यायलात आणि परत वाडीकडे निघालात, फ्यूज खिशातच. काम अर्धं राहिलं होतं. तुम्ही परत त्याच खांबावर चढलात. मी पेटीच्या दाराला पाठ लावून बसले, कुणालाच जवळ येऊ दिलं नाही. चार वाजून वीस मिनिटांनी तुम्ही आलात, आपल्या हाताने तिन्ही फ्यूज बसवलेत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "आली लाइट. जा, तुझं भर."

मी भरला. आज जे काही करते ते त्या चाळीस मिनिटांवर उभं आहे.

संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही आईला सगळं सांगितलंत, तात्यांनी केलं म्हणून. ती भाकरी थापायची थांबली. "पिशवी फाटली माझी त्या साखळीपायी," एवढंच म्हणाली आणि तुमच्या ताटात तिसरी भाकरी वाढली. दुसऱ्या दिवशी साखळी पडवीत लटकत होती, कडीन् कडी पुसलेली, खोबरेल लावलेली. माझ्या ताटाकडे तुम्ही आदल्या संध्याकाळी बघितलं होतं. मी जेवत नव्हते. तुम्ही काही विचारलं नाही.

नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही कागदात गुंडाळून हा फ्यूज दिलात. पेटी नवी आली होती, जुना माल टाकायचा होता. मी विचारलं, याचं काय करू? "काय न्हाई. जड किती हाय ते बघ," म्हणालात. मला हसू आलं होतं. ऑफिसात इतर मुली बापाने दिलेली घड्याळं घालून येत होत्या.

तुम्ही अंथरुणात गेलात, आजारी पडून, आम्ही सगळे उशाशी असताना. वायरमनच्या घरात ही साधी गोष्ट नाही. तुमच्या जोडीच्या दोघांच्या घरी मी जाऊन आले आहे, त्यांचे फोटो भिंतीवर तरुण आहेत. माझं पोट ज्या विद्येवर चालतं तिच्यात तुमच्या फ्यूज आणि साखळी या दोन्ही गोष्टींना मिळून एक नाव आहे. दुसऱ्या सर्व्हरने काम उचलायच्या आधी पहिल्याची वीज खरोखर तोडायची, त्याला उठता येणार नाही अशी सोय करायची, मगच पुढे व्हायचं. पुस्तकात याला फेन्सिंग म्हणतात. मी वर्गात फ्यूज म्हणते. पाचव्या दिवशी प्रत्येकाच्या आराखड्यावर मी एकच प्रश्न लिहिते: फ्यूज कुणाच्या खिशात आहे? आणि त्याखाली दुसरा: साखळी टाकली का? त्यांनी काढलेले आराखडे कुठे कुठे चालू आहेत, त्यातले काही दवाखान्यांचे आहेत. तिथले सर्व्हर मध्येच कधी एकमेकांना मेलेलं समजत नाहीत. यात माझं थोडं आहे, बाकी तुमचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या आठवड्याच्या वर्गात एक मुलगी होती, नऊ वर्षं एका बँकेची सिस्टम सांभाळलेली, मागच्या रांगेत बसणारी, कमी बोलणारी. गोष्ट संपल्यावर तिने हात वर केला. "मॅम, तुम्ही म्हणालात फोन लावला गेला. उत्तर आलं नाही. मग ते उतरलेत असं सांगितलं गेलं. कुणी सांगितलं?"

मी मराठी शिकलेली बाई. वाक्यातून कर्ता कसा काढून घेतात ते मला माहीत आहे. इतकी वर्षं ही गोष्ट मी त्याच कर्मणी प्रयोगात सांगत आले, आणि कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हणाले, "ठाऊक नाही."

"असू दे, मॅम," ती म्हणाली. "पण आपल्या डिझाइनमध्ये ते लिहावं लागेल ना? कोण सांगतंय ते?"

बरोबर, म्हणाले मी, आणि तिचा कागद तपासायला घेतला. तिचा आराखडा त्या बॅचमधला सगळ्यात चांगला होता. दुसऱ्या सर्व्हरला दोन नव्हे, तीन उत्तरं ठेवली होती तिने. आहे. नाही. ठाऊक नाही. तिसरं आलं की काहीही करायचं नाही, माणसाला बोलवायचं. तुमचं 'ठाव न्हाई म्हनायचं' हे वाक्य तिने न ऐकता लिहिलं होतं. मी ते वाक्य गोष्टीतून नेहमी गाळते. आणि त्या दिवशी तेच घेऊन मी खोटं बोलले.

काल भऱ्याला जाऊन आले. गिरणीच्या जागी तात्यांच्या मुलाने भाड्याच्या खोल्या काढल्यात. तात्या ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले असतात. इतक्या वर्षांत त्यांनी मला त्या दुपारवरून एकदाही टोचलं नाही. काल त्यांच्याजवळ बसले, बोलायला म्हणूनच गेले होते. ते म्हणाले, "चहा घेतीस का?" मी घेतला. आधी तुम्हाला सांगायला हवं असं वाटलं, म्हणून उठून आले.

सोमवारी नवी बॅच येते. तिसऱ्या दिवशी गोष्ट सांगावी लागेल. वाक्य कसं करायचं ते इथे लिहून बघते. हा कागद कुठे जायचा नाही, फ्यूजखाली दाबून ठेवीन.

फोन मी लावला. तीनदा लावला, लागला नाही. तात्यांनी विचारलं, उतरला आसंल का? मी म्हणाले, उतरलेत, वाटेत असतील.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का, आबा? ठाऊक नाही. या वेळी खरंच.