मंगीबाय ‘नको’ म्हणाल्या, सर

प्रिय सर,

तुम्ही गेलात तेव्हा दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या शोकसभेत वाचण्यासारख्या झाल्या, म्हणून पुसून टाकल्या. आज लिहिते आहे, कारण काल अर्नाळ्याच्या मासे वाळवणाऱ्या बायकांच्या गटाने माझी योजना नाकारली आणि ते सांगायला दुसरं कोणी सुचेना.

एमबीएची मुलाखत आठवते? “मेकॅनिकल इंजिनिअरला इथे कशाला यायचंय?” तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, “प्रमोशनसाठी.” मुलाखत घेणारे बाकीचे दोघे खाली बघू लागले. तुम्ही हसलात. “चला, एक तरी खरं बोलली! सकाळपासून सगळे समाजच बदलतायत.”

आणि मग त्याच मुलीला दोन वर्षं काय विचारत राहिलात? “ज्यांच्यासाठी हे करतेयस, त्यांना नाही म्हणायची जागा यात कुठे आहे?” कुठलाही प्रोजेक्ट आणा, प्रश्न हाच! मी वैतागून म्हणाले होते, “सर, हे मोजायचं कशात?” तुम्ही होळी गावातल्या तुमच्या वाडीतली केळी पुढे सरकवलीत. “आधी खा. मग भांड.”

योजना चांगली होती, सर. आजही मला ती चांगलीच वाटते. बोंबील उघड्यावर वाळवण्याऐवजी दूर वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड, त्यात माझ्या डिझाइनचे ड्रायर, बायकांसाठी टेम्पो. माल घ्यायला एक कंपनीही तयार. तापमान, ओलावा, सगळं तपासलेलं. सगळं मांडून झाल्यावर मी तुमचा प्रश्न विचारला, “यात काय नको आहे?”

मंगीबाय गटात सगळ्यांत थोरल्या. त्या म्हणाल्या, “मशीन झकास हाय गो. पन वालीवला नको.”

“टेम्पो दारात येईल, मावशी.”

“टेम्पो येल, मंग हजेरी येल, मंग साहेब येल. हितं माझ्या बोंबलाची मीच मालकीन हाय.”

“आनि वासानं टेम्पोवालाच पलून गेला तं?” मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्या खळखळून हसल्या.

मला हसू आलं नाही. सगळा माल एकाच शेडमध्ये वाळवला नाही तर करार नाही, असं कंपनीने आधीच बजावलं होतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. पटवून देणं मला जमतं. तेही तुम्हीच शिकवलंत. पण तुमच्या वर्गात बसलेल्या माणसाला ती उत्तरं देववत नाहीत. मी विचारलं, “मग कुठे हवं?” तासभर सगळ्या एकदम बोलत होत्या. घरामागे, किनाऱ्यालगत, लहान ड्रायर हवेत म्हणाल्या. ते होण्यासारखं आहे.

सर, एक राग मात्र आहे. आकडे लपवणाऱ्याला तुम्ही नापास करायचात. मग स्वतःच्या आजाराचे रिपोर्ट का लपवलेत? आम्हाला भेटायला यायची संधी तरी द्यायची! आभार मानायचे राहून गेले. मला ते तोंडावर जमले नसते, हे तुम्ही ओळखलं असणार. तरीही.

सोमवारी कंपनीला मी स्वतः सांगणार आहे की माल अर्नाळ्याहून उचला. त्यांना नाही जमलं, तर मंगीबायना सोबत घेऊन दुसरं गिऱ्हाईक शोधीन. पहिला लहान ड्रायर याच हंगामात त्यांच्या घरामागे उभा करीन आणि तो त्यांच्या हातात नीट चालेपर्यंत अर्नाळा सोडणार नाही. हा शब्द तुम्हाला देते.

तुमची विद्यार्थिनी,
स्नेहल