उभ्या भिंतीचा ढाळ

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन आठ महिने झाले. तेराव्याला चार माणसांसमोर तुमच्याबद्दल दोन शब्द बोलायची माझी छाती झाली नाही, आणि आज शनिवारी चंडीगडजवळच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये कागद पुढे घेऊन बसलोय. कारण तुमची नात. इराचा अकरावीचा गणिताचा पेपर काल हातात आला.

आडव्या रेषेचा चढ विचारला होता, तिने शून्य लिहिलं. बरोबर. उभ्या रेषेचा विचारला, तिथेही शून्य! "पापा, दोनों सीधी ही तो हैं," असं मलाच सुनावून वर म्हणाली, "सोमवार को मैं मैथ्स छोड़ रही हूँ. पक्का." तिला मराठी सगळं कळतं हो, पण उत्तर हिंदीतच येतं.

मी ऐटीत सांगितलं, उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. तिने विचारलं, "क्यों?" झालं! मोहालीत केबिनमध्ये बसणारा तुमचा इंजिनिअर मुलगा नुसतं पेन फिरवू लागला. शून्याने भागत नाहीत, असं म्हणून पाहिलं, तर "वो भी क्यों?" दहावीत पाठ केलेलं एक वाक्य, त्यापलीकडे माझ्याकडे काही नव्हतंच.

मग तुम्ही आठवलात. बार्शीत कुणाच्या तरी न्हाणीघराची फरशी बसवत होता. मी तुमचा डबा घेऊन आलो होतो आणि पायरीवर बसून तेच वाक्य घोकत होतो. तुम्ही थापी खाली ठेवलीत. "चढ म्हंजी आमचा ढाळच की रं! एक हात फुडं गेलं की फरशी किती सूत उतरली, त्यो ढाळ." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला तुमच्यामुळेच माहीत. मग तुम्ही सपाट ओट्यावर हात सरकवलात. "हात फुडं ग्येला, उतरलं काय न्हाय. शून्य." आणि भिंतीला ओळंब्याची दोरी लावून म्हणालात, "हितं हात फुडं सरकलाच न्हाय. मग हाताला किती सूत, ह्ये इचारायचंच कसं?"

किती सोपं होतं! आणि मी काय म्हणालो? "अण्णा, हे गणित आहे. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही हसलात आणि परत सिमेंटचा माल कालवायला लागलात. एक थोबाडीत का नाही हो ठेवून दिलीत?

त्याहून वाईट मी इथे केलं. तुम्ही एकदाच आलात. चंडीगडचे रस्ते तुम्हाला भारी आवडले, "दोरी धरून काढल्यात" म्हणालात. समोरच्या ढिल्लनसाहेबांनी त्यांचं नवं बाथरूम दाखवलं, तर तुम्ही सवयीने तांब्याभर पाणी ओतून ते कुठे जातंय बघत उकिडवे बसलात! "पानी उल्टा जाता है, साहेब." ते हसून मला म्हणाले, "अंकलजी क्या करते थे?" आणि मी पटकन म्हणालो, "कन्स्ट्रक्शन का बिज़नेस था जी."

तेवढं हिंदी तुम्हाला कळत होतं. दोन दिवसांनी "करमत न्हाय" म्हणून परतीचं तिकीट काढायला लावलंत. मीही थांबवलं नाही, अण्णा. माझी मलाच लाज वाटते.

आज सकाळी मी इराला बाल्कनीत नेलं आणि पाणी ओतलं. फरशी इतकी सपाट की पाणी तिथेच! तिला हात सरकवायला लावलं. किती उतरला? काहीच नाही, शून्य. मग भिंतीवर हात वरून खाली. पुढे किती गेला? ती भिंतीकडे बघत राहिली, परत एकदा हात फिरवला, आणि ओरडली, "अरे! यहाँ तो सवाल ही नहीं बनता!"

तिचा तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग तिने विचारलं, "ये किसने सिखाया? दादू इंजीनियर थे क्या?" एक क्षण तोच जुना बिज़नेस जिभेवर आला, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पण म्हणालो, "दादू राजमिस्त्री थे, बेटा. गवंडी. फरशी बसवायचे." ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तो ढिल्लन अंकल को बिज़नेस क्यों बताया? आपने सबसे झूठ क्यों बोला?"

मी बाल्कनीतलं पाणी पुसायला घेतलं. ती आत गेली. आता पुढची गणितं सोडवतेय. सोमवारचं तिने काढलं नाही, मीही विचारलं नाही.

तिला मराठी वाचायचा कंटाळा. म्हणून संध्याकाळी हे पत्र मीच तिला मोठ्याने वाचून दाखवणार आहे. "तुम्हाला काय कळतंय" हे वाक्यसुद्धा गाळणार नाही. शब्द देतो.

तुमचा, म्हणजे दत्तू गवंड्याचा मुलगा,
सुनील