डाव्या पायाचं माप

आदरणीय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात घालायला कंबर हल्ली परवानगी देत नाही). तुमचा खोकला कसा आहे? ताईंचे गुडघे काय म्हणतात? मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं, की निवृत्त माणसानं सकाळी घरात बसून पेपर वाचायचा सोडून मी रोज कुठे उलथतो आणि तुमच्या मेहुणीला एकटं का टाकतो. प्रश्न रास्त होता, सूर रास्त नव्हता. पण आपण एकाच घरचे जावई. तुमचा तो सूर मी लग्नापासून ऐकत आलोय, आता तो बंद झाला तर मलाच काळजी वाटेल.

तर ऐका. मी बूट करायला शिकतोय. हसून घ्या, मी थांबतो. साधे बूट नव्हेत, ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांत बसत नाहीत अशांसाठी मापानं केलेले. शुगरपायी तुमच्या मेहुणीच्या डाव्या पायाची बोटं गेली, तेव्हापासून ती जिना उतरलेली नाही, हे तुम्ही जाणताच. तयार बूट आणून पुढे कापूस कोंबून पाहिला. दोन पावलं टाकली आणि भिंत धरून उभी राहिली. मला म्हणाली, "राहू दे, घरात काय कमी आहे?" घरात काय काय कमी आहे ते मला विचारा. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, बांधावरून डोकी फुटताना पाहिली, आणि बायकोचं एवढंसं पाऊल मोजता येऊ नये? तिला खाली रस्त्यापर्यंत चालत न्यायचं, एवढं एकच मला हवंय. बाकी सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल.

वर्ग हॉस्पिटलच्या मागे, जुन्या धोबीखान्यात भरतो. भिंतीला फळ्या, फळ्यांवर प्लास्टरची पावलं, कुणाला तीन बोटं, कुणाला टाचच नाही, आणि त्यांच्याखाली बसून आम्ही डबा खातो. पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. माझ्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. (तुमच्या मेहुणीनं शिवते म्हटलं होतं, मीच घाईत निघालो, तेव्हा तिला बोल लावू नका.) मास्तर त्या अंगठ्याकडे बघून म्हणाले, "काका, तुम्हाला आधी शिवण शिकवू."

माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसतो, त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणतात. आम्ही एकमेकांच्या पायांवर हात साफ करतो. प्लास्टर लावण्याआधी पायावर उभी एक जाड पट्टी ठेवायची असते, म्हणजे प्लास्टर सुकल्यावर तिच्यावरून कापून साचा काढता येतो. ड्रायव्हर पट्टी विसरला. प्लास्टर दगड झालं, आत माझा पाय, आणि कापायचं यंत्र कुणीतरी वॉर्डात नेलेलं. जरा मोकळी हवा खावी म्हणून मी लंगडत पायरीवर येऊन बसलो, तर एका नर्सनं मला चाकाच्या खुर्चीत घातलं आणि ढकलत एक्स-रेच्या रांगेत नेऊन उभं केलं. मी तिला सांगितलं, पाय मोडलेला नाही, मी बूट शिकतोय. तिनं चिठ्ठीवर डोक्याचाही एक्स-रे लिहून दिला.

माझा पहिला बूट झाला तेव्हा मास्तरांनी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला. म्हणाले, "काम नीट आहे. फक्त असा पाय अजून जन्माला यायचाय." वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो, पण घरी येताना बसमध्ये तो बूट मांडीवर घेऊन बसलो होतो तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू? या वयात नापास व्हायची सवय राहिलेली नसते.

मग मास्तरांनी आम्हाला पाय बघायला शिकवलं. बूट करणाऱ्यानं आधी पाय बघावा, मग टेप काढावी. हाताची पालथी बाजू लावून पाहायची. पाय गरम लागला तर आत सूज आहे. गार लागला, रंग काळपट दिसला, तर रक्त पोचत नाही. अशा पायाचं माप घ्यायचं नसतं, त्याला सरळ डॉक्टरकडे पाठवायचं. मला ही विद्या भलतीच आवडली. त्या दिवशी घरी येताना मी बसच्या कंडक्टरचे पाय पाहिले, वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे पाहिले (त्यांनी दार लावून घेतलं), आणि जेवताना तुमच्या मेहुणीला सगळा पाठ म्हणून दाखवला. ती मन लावून ऐकत होती. दोनदा विचारलं, "गार म्हणजे किती गार?" मला केवढा आनंद झाला, इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याच कामाबद्दल तिनं एवढी चौकशी केली नव्हती.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पायात जो जाड मोजा चढवला तो अंघोळ सोडली तर आजतागायत उतरवलेला नाही! माप घ्यायचं म्हटलं की तिचं डोकं दुखतं, नाहीतर दूध उतू जातं. माझ्या कपड्यांना चामडं चिकटवायच्या सोल्युशनचा वास येतो म्हणून झोपायलाही दुसऱ्या खोलीत गेली. एवढा संसार झाला, पोरंबाळं आपापल्या वाटेला लागली, आणि ही बाई नवऱ्याला पाय दाखवायला लाजते. याला काय म्हणावं?

मी हार मानणारा नव्हे. न्हाणीघरातून ती बाहेर आली की फरशीवर ओलं पाऊल उमटतं. मी खडू घेऊन दाराआड उभा राहायचो आणि ती पुढे गेली की पाणी सुकायच्या आत कडेनं रेघ मारायचो. दोन दिवस छान जमलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला चारी पायांवर पकडलं. नुसती बघत राहिली. तेव्हापासून मला चकवायला ती पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळ करते! सांगा, अशा बाईपुढे काय करावं? मी हात टेकले.

पण एक गोष्ट बरी झाली. तिचं मन पुन्हा रमायला लागलंय. कधी नव्हे ती अत्तर लावते, खोलीभर दरवळ असतो. मी वर्गाला निघतो तेव्हा खिडकीत बसून हसते, लवकर या म्हणत नाही, सावकाश या म्हणते. माझ्या मते बूट होणार म्हणून तिला आतून उभारी आलीय. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. बूट ज्याच्यासाठी केला त्यानं तो परीक्षकांसमोर घालून उभं राहायचं असतं. त्या दोन खडूच्या रेघांवरून मी पायाच्या आकाराचा लाकडाचा फर्मा कानशीनं घासून ठेवलाय, पण मास्तर म्हणतात, कुणीतरी पाय हातात घेऊन मापं लिहून आणल्याशिवाय चामडं कापू देणार नाही.

तुमच्या सगळ्यांच्या प्रकृती उत्तम असाव्यात. खोकल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करा, माझ्यावर चिडत बसण्यापेक्षा त्यानं जास्त उतार पडतो.

आपला,
धाकटा साडू

ता. क. – आता मुद्द्याचं. ताईंना आठ दिवस आमच्याकडे पाठवा. कारण काहीही सांगा, भांडून आल्या म्हणा, तुमच्या बाबतीत ते सहज पटेल. थोरल्या बहिणीला ती पाय दाखवील. सोबत एक कागद ठेवलाय, त्यावर कुठलं माप कसं घ्यायचं ते चित्र काढून लिहिलंय. मापं संध्याकाळी घ्यायची, तेव्हा पाय थोडा पसरलेला असतो. सगळ्यात खाली पाय गरम, कोमट की गार, तेही लिहायचंय. मास्तरांचा तसा नियमच आहे, काळजीचं काही नाही.

आणखी ता. क. – तुमचे ते करकरणारे बूट ताईंबरोबर पाठवा. त्यांचा आवाज घालवून देतो. तुमचा मात्र माझ्या हातात नाही.

भाऊजी, सा. न. आता मी लिहितेय, तुमची मेहुणी.

पाकीट यांनी चिकटवून, शेजारणीकडून टाकायला म्हणून माझ्याकडे दिलं होतं. चहाच्या वाफेवर उघडलं, पुन्हा नीट चिकटवीन. पाय दाखवायची मला लाज वगैरे काही वाटत नाही. पाय गार आहे. यांनी तो पाठ म्हणून दाखवला त्या रात्रीच मी हात लावून पाहिला होता. आता घोट्यापर्यंत काळा पडलाय, वास येतो म्हणून अत्तर. हे वर्गाला गेले की शेजारीण मला धरून जिना उतरवते आणि ड्रेसिंगला घेऊन जाते. पाय गुडघ्याखालून काढायचा ठरलाय. डॉक्टर रागावले, तरी मी परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख मागून घेतलीय. आत्ता कळलं तर हे त्या धोबीखान्यात पुन्हा पाऊल ठेवणार नाहीत, आणि घरात बसून नुसते माझ्याकडे बघत राहतील. ते मला सोसणार नाही. परीक्षेत मी उभी राहीन, तेवढं जमेल.

मापं मी घेऊन ठेवलीत, ती ताईनं तिच्या हातानं कागदावर उतरवावीत. खाली "कोमट" लिहायला सांगा.

तिच्याबरोबर तुम्हीही या भाऊजी, आणि ऑपरेशन होईपर्यंत राहा. माझ्याजवळ डॉक्टर असतील. यांच्याजवळ कुणी नसेल.