तिळ्याचं वजन

महाल, नागपूर
६ ऑक्टोबर २०२५

प्रिय महादेवराव,

नमस्कार. तुम्ही आणि प्रयागबाई बरे असाल, बागेतलं पाणी उतरलं असेल. इकडे मी ठीक आहे. पाऊस गेला आणि उकाडा परत आला. जिना चढताना गुडघा तेवढा दुखतो. सकाळचा डबा लावला आहे, संध्याकाळी खिचडी करून घेतो.

काल प्रयागबाईंचा फोन आला होता. तिळ्याच्या कानात आणि पायाच्या बोटांमध्ये गोचीड भरले आहेत, आणि शेजारच्या शेतातल्या धोंडबांनी गुरांचं औषध पाण्यात टाकून त्याला धुवायला सांगितलं आहे, असं त्या म्हणाल्या. म्हणून लगेच लिहितो. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट सांगता येत नाही. कागदावर असलं की पुन्हा पाहता येईल.

गुरांचं औषध तिळ्याला लावू नका. आज सकाळी रामदासपेठेत डॉ. अदितींना विचारून आलो. तिळ्या पिल्लू असल्यापासून त्याच त्याला तपासतात. त्यांनी सांगितलं की ते औषध तेज असतं, बाटलीच्या झाकणाने मोजलं तर किती झालं ते कळत नाही, आणि कुत्रा अंग चाटून ते पोटात घेतो. मग लाळ गळते, पाय लटपटतात, कधी कुत्रा हातचा जातो.

त्याला तीन महिन्यांनी द्यायची एक गोळी आहे. ती पोटातून काम करते. गोचीड चावला की मरतो, पिसवाही जातात. आपण तीच देत होतो. शेवटची जानेवारीत दिली, मग दवाखान्याच्या धावपळीत राहून गेली. तुम्ही तेरवीनंतर त्याला घेऊन गेलात तेव्हा हे सांगायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही.

ही गोळी वजनावर असते. दहा ते वीस किलोच्या कुत्र्याची वेगळी, वीस ते चाळीसची वेगळी. आपला तिळ्या नेमका विसाच्या काठावर आहे. कमी पडली तर गोचीड राहतात, आणि उगाच जास्तीही द्यायची नसते. मोठी गोळी मोडून अर्धी त्याला आणि अर्धी तुमच्या राखणीच्या कुत्रीला, असंही करायचं नाही. औषध गोळीत सगळीकडे सारखं असेलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. कुत्रीची गोळी तिच्या वजनाची वेगळी घेऊ.

तेव्हा वजन करून कळवा. तुमच्याकडे संत्र्यांचा काटा आहे. अंदाजाने सांगू नका.

मागची वजनं एका वहीत होती, पण ती वही सापडत नाही. मनकर्णा गेल्यापासून घरात बऱ्याच वस्तू जागेवर नाहीत.

तुमचं जेवण कमी झालं आहे असं प्रयागबाई म्हणत होत्या. वेळेवर जेवत जा.

आपला,
केशव


११ ऑक्टोबर

भाऊजींना महादेवचा नमस्कार.

पत्र भेटलं. धोंडबाले सांगून दिलं, तुझं औषध तुझ्या बैलाले लाव. चिमट्यानं निघाले तेवढे गोचीड प्रयागनं काढले. पण तिळ्याच्या अंगावर ते काळे ठिपके, त्याच्यात गोचीड कोणता अन् तीळ कोणता ते समजतच नाही. एक ठिपका ओढला तर वसकन अंगावर आला.

वजनाचं आयका. काट्यावर कॅरेट ठेवलं अन् त्याच्यात त्याले बसवलं. एक पाय बाहेर, शेपूट बाहेर. मी म्हणो धर वं, प्रयाग म्हणे तुमीच धरा. धोंडबा बांधावर उभा राहून हासून राहिला. म्हणे, "काय गा महादेव, यंदा संत्रं सोडून कुत्र्याचाच सौदा करून राहिला काय?" प्रयाग त्याले म्हणे, "तुमी या ना कॅरेटमधी, तुमचा भाव पाहू." काटा कधी साडेएकोणीस दाखवे, कधी एकवीस. चार खेपा केल्या, चारी वेगळ्या.

म्हणून म्हणतो, वही पाहा ना. मागचं वजन समजलं तर अंदाज येईन. ताई मले सांगत जाय, की हे तिळ्याचंही दफ्तर ठेवतात म्हणून. वही हरवणारे माणूस नाही तुमी, भाऊजी.

अजून एक लिहतो. तुमाले नाही तर कोणाले लिहू. भाऊबीज जवळ आली. मागच्या भाऊबीजेले मी आलो तवा ताईले म्हटलं होतं, "काहून बारीक झाली वं?" ती हासली. मंग तुमाले इचारलं, तुमी म्हटलं सकाळी फिरायले जाते. मी लाडू खाऊन वापस आलो. फेब्रुवारीत दवाखान्यात डॉक्टर म्हणे, सहा महिने आधी आणलं असतं तर इलाज होता. ते बोलणं डोक्यातून जात नाही. त्या रोजी मी तिले मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं असतं तर?

तुमी तेरवीले म्हटलं, रोज पाहणाऱ्याले समजत नाही. ते खरं आहे. पण मी काही रोज पाहणारा नव्हतो. मी सहा महिन्यांनी पाहिलं होतं. मले तर समजाले पाहिजे होतं ना. ताट समोर आलं का हेच आठवते. घास गिळल्या जात नाही.

तिळ्या मजेत आहे. ताईचं पातळ प्रयागनं अंगणात वाळू घातलं होतं, त्याच्याखाली झोपते.

महादेव


महाल, नागपूर
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय महादेवराव,

नमस्कार. तुमचं पत्र परवा मिळालं. प्रयागबाईंनी धोंडबांना दिलेलं उत्तर वाचून बऱ्याच दिवसांनी हसलो. खालचं मी नंतर वाचलं. काल उत्तर लिहायला बसलो होतो, झालं नाही.

आधी औषधाचं सांगतो. कॅरेटमध्ये कुत्रा शांत बसत नाही, म्हणून काटा हलतो. रिकाम्या कॅरेटचं वजन वजा केलं होतं की नाही, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. याला सोपी रीत आहे. नरखेडला खताच्या दुकानात मोठा काटा असतो. त्यावर तुम्ही तिळ्याला कडेवर घेऊन उभे राहा. आकडा लिहून घ्या. मग त्याला खाली ठेवून एकटे उभे राहा. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की तिळ्याचं वजन निघतं. माणसाच्या कडेवर तो हलत नाही.

आम्ही तसंच करत होतो.

महादेवराव, वही सापडत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. वही टेबलाच्या खणात आहे.

दर तीन महिन्यांनी गोळीच्या दिवशी मनकर्णा न्हाणीजवळ काटा ठेवायची आणि तिळ्याला उचलून उभी राहायची. माझ्याकडे तो येत नसे. काट्यावरचा आकडा बारीक, तिचा चष्मा स्वयंपाकघरात, म्हणून वाचायचं काम माझं. "वाचा ना लवकर, हात तुटून राहिले माझे," असं म्हणायची. मी वाकून दोघांचं वाचायचो, मग तिचं एकटीचं, वजाबाकी करायचो आणि "एकोणीस" असं मोठ्याने सांगायचो. ती गोळी पोळीत गुंडाळून त्याला द्यायची. दहा मिनिटांचं काम होतं.

वहीत आहे तसं खाली उतरवतो.

१४ जानेवारी २०२४. दोघं ८१. ती ६३. तिळ्या १८.
१३ एप्रिल. दोघं ७९. ती ६१. तिळ्या १८.
१४ जुलै. दोघं ७५. ती ५६. तिळ्या १९.
२५ ऑक्टोबर. दोघं ६९. ती ५०. तिळ्या १९.

अक्षर माझं आहे. प्रत्येक वेळी शेवटच्या आकड्याखाली मी रेघ मारली आहे, कारण गोळी त्यावर ठरायची. मधला आकडा मी वाचला, लिहिला, वजा केला आणि सोडून दिला.

जुलैत तिने विचारलं होतं, "माझं किती आलं?" मी म्हणालो, "तुझं काय करायचं आहे, गोळी त्याला द्यायची आहे." ती हसली, मीही हसलो. ब्लाऊज सैल होतात असं त्याच सुमारास म्हणाली होती. जेवण जात नाही असंही एकदा म्हणाली. मी म्हणालो, उन्हाळ्यापासून सगळ्यांचंच तसं आहे.

मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत तक्ते लिहिले. तालुक्यांचे आकडे यायचे, मी ते उतरवायचो, बेरीज तपासायचो आणि वर पाठवायचो. आकडा बरोबर उतरला की माझं काम संपलं. त्याचा अर्थ काय, ते साहेबांनी पाहायचं. घरीही मी तसंच केलं. घरी वर कोणी साहेब नव्हते.

यंदाच्या जानेवारीत पाचवी नोंद आहे. त्या दिवशी ती म्हणाली, "आज तुमीच घ्या त्याले, मले उचलून नाही राहिला." मी त्याला घेऊन उभा राहिलो, ती स्टुलावर बसून चष्मा लावून आकडे वाचत होती. मी म्हणालो, तिळ्या जड झाला आता. वजाबाकी केली तर तो एकोणीसच होता. मला तेव्हाही कळलं नाही. पुढच्या महिन्यात तिला उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं.

आता तुमच्या भाऊबीजेचं. तुम्ही ३ नोव्हेंबरला आला होता. त्याच्या नऊ दिवस आधी मी पन्नास लिहिला होता. तुम्ही विचारलं आणि मी फिरायला जाते म्हणून सांगितलं. ती जात होती, चौकापर्यंत आणि परत. त्याने तेरा किलो जात नाहीत. वर्षभरात तिला पाहून काहून बारीक झाली म्हणून विचारणारे तुम्ही एकटे होता. उत्तर मी दिलं, आणि तुम्ही मोठ्या माणसाचा शब्द म्हणून ते धरलंत. यात तुमचं काय चुकलं, ते मी शोधून पाहिलं. मला सापडलं नाही.

डॉक्टर सहा महिने आधी म्हणाले ते फेब्रुवारीत. मागे मोजलं तर ऑगस्ट येतो. भाऊबीज नोव्हेंबरात होती. म्हणजे तुम्ही त्या दिवशी तिला मोटरसायकलवर बसवून नेलं असतं तरी ती वेळ निघून गेलेली होती. ऑगस्टच्या आधी हे फक्त एकाच माणसापुढे लिहिलेलं होतं.

तेरवीला तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "भाऊजी, तुमच्या डोळ्यांदेखत ती अर्धी झाली, दिसलं नाही काय?" मी म्हणालो, रोज पाहणाऱ्याला कळत नाही. लोकांनी माना हलवल्या. तुम्ही माझा हात धरून माफी मागितली. त्या वेळी वही माझ्यासमोर नव्हती, पण आकडे मला आठवत होते. तरी मी ती माफी घेतली. पाच महिने झाले. घरी कोणी आलं की मी तेच वाक्य सांगतो आणि लोक मला चहा करून देतात. तिकडे तुम्ही ताटावरून उठता, हे प्रयागबाई मला दोन महिन्यांपासून सांगत आहेत. मी त्यांना म्हणत होतो, होईल हळूहळू ठीक.

वहीचं ते पान फाडून सोबत ठेवलं आहे. प्रयागबाईंना वाचायला द्या. ज्या कोणाला सांगावंसं वाटेल त्याला सांगा. माझी हरकत नाही.

पानाबरोबर गोळ्यांची दोन पाकिटं एसटीच्या पार्सलने पाठवतो. एकावर दहा ते वीस लिहिलं आहे, दुसऱ्यावर वीस ते चाळीस. जानेवारीचं एकोणीस धरून चालू नका. तुमच्याकडे भाकरी आणि ताक आहे, तो वाढला असेल. खताच्या दुकानात वजन करा आणि त्याप्रमाणे एकच पाकीट फोडा. गोळी रिकाम्या पोटी देऊ नका, जेवणाबरोबर द्या. त्याला कधी फिट आली का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. आपल्याकडे कधी आली नाही. तुमच्याकडे तसं काही दिसलं असेल तर गोळी देण्याआधी मला कळवा. बारा आठवड्यांनी पुन्हा द्यायची आहे, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. राखणीच्या कुत्रीचंही वजन करून घ्या.

उरलेलं पाकीट दुकानदार महिनाअखेरपर्यंत परत घेतो. ते एसटीने पाठवलंत तरी चालेल. मी डेपोवर जाऊन घेईन आणि तुम्हाला काही विचारणार नाही. २३ तारखेला भाऊबीज आहे. स्वतः घेऊन आलात तर मी घरी आहे. ओवाळायला इथे कोणी नाही. वरणभात मला जमतो.

तुम्ही या किंवा न या, बोला किंवा न बोला, एक गोष्ट मात्र करा. काट्यावर तुम्ही एकटे उभे राहाल तेव्हाचा आकडाही मला लिहून पाठवा. तीन महिन्यांनी पुन्हा उभे राहाल तेव्हाचाही. या वेळी मी तो आधी वाचीन.

तुमच्या बहिणीचा,
केशव