वाखाले तेलाचा हात

२ डिसेंबर
पाचवा भारा आज जाम नदीच्या काठच्या डबक्यातून काढला. हात बधीर! वीस दिवस पाण्यात सडवलेली अंबाडी, वास असा की कुत्रंही जवळ थांबलं नाही. पण साल सोलून धुतल्यावर वाख काय निघाला — पांढरा, लांब, एक गाठ नाही.

सुधाकर शेताच्या धुऱ्यावरून ओरडला, "दादा, बाजारात नायलॉनचा दोर भेटते अन तुम्ही चिखलात काय करून राहिले?" म्हटलं, हा दोरासाठी नाही, हाडासाठी आहे. हसला लेकाचा. माझाच लहान भाऊ, पण अक्कल वाटताना गैरहजर.

५ डिसेंबर
गायत्री वाख घेऊन गेली. सौंसरची पोरगी, नागपूरच्या कॉलेजात पीएचडी करून राहिली. मोडलेल्या हाडाले स्टीलच्या पट्टीऐवजी अंबाडीच्या धाग्याची पट्टी बसवायची, हे तिचं खूळ. धागा अन राळ थरावर थर दाबायचे की झाली पट्टी. आमच्या सावरगावात गिऱ्हाइकाची तर कमी नाही, दरसाली पोळ्याले दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीची कृपा! ती म्हणाली, "माणसाच्या पायात जायले दहा वर्षं आहेत काकाजी. आता नुसती मशीनवर वाकवून पाहायची." तिच्या सरांचा अंबाडीवर भरवसा नाही. ही खेप फसली तर विषयच बंद.

माझी बायको शकू असती तर म्हणाली असती, मले हीच बसवा. तिच्या मांडीतली स्टीलची पट्टी थंडीत अशी ठणके की ती शेगडी सोडत नव्हती. जाऊन तीन वर्षं झाली. लेकरूबाळ नाही. घरात बोलणारा मी अन ऐकणाराही मीच.

१४ डिसेंबर
संध्याकाळी सातले गायत्रीचा फोन. सगळ्या पट्ट्या गेल्या! वाकवलं की थर सुटतात, राळ वाखाले धरतच नाही. "काकाजी, धुताना काही वेगळं केलं होतं का?"

नाही म्हटलं. लगेच.

केलं होतं. शेवटच्या धुण्यानंतर एरंडीच्या तेलाचा हात फिरवला. बाबा बैलाची वेसण वळायचे तेव्हा वाखाले तेल लावल्याशिवाय पीळ देत नव्हते. म्हणायचे, कोरडा वाख मुक्या जनावराचं नाक सोलते रे. अन हा तर माणसाच्या मांसात जाणार! शकूचा पाय आठवला, जरा जास्तच लावलं. तेलकट भिंतीवर चुना बसत नाही हे पोरांले शिकवणारा मास्तर मी. बत्तीस वर्षं शाळेत काय केलं कोणास ठाऊक.

१५ डिसेंबर
सातले पुन्हा फोन. जेवलात का, थंडी किती, संत्र्याची तोड झाली का. वीस मिनिटं! शेवटी म्हणाली, "आठवून पाहा बरं काकाजी. पाणी, धुणं, वाळवणं..." म्हटलं, नेहमीसारखंच.

१६ डिसेंबर
फोन आला. मीच बोलत सुटलो.

१९ डिसेंबर
आता साडेसहालेच भाकरी खाऊन तयार बसतो. बाहेर कोणी हाक मारली तर राग येते. आज तिले शकूच्या हातच्या अंबाडीच्या भाजीचं सांगितलं. ती हसली, मग एकदम विचारलं, "अजून काही सांगायचं आहे का काकाजी?"

होतं. सांगितलं नाही. सांगितलं की ती वाख दुसरीकडून घेईल, अन मग मले फोन कोण करते? हे लिहिताना लाज वाटून राहिली, पण खरं आहे. तीन वर्षांत मले कोणी रोज 'जेवलात का' विचारलं नाही.

२२ डिसेंबर
सुधाकर म्हणे, "दादा, आजकाल मोठे खुशीत!" त्याच्यावर उगाच खेकसलो.

२७ डिसेंबर
आज तिचा आवाज बसलेला. पट्ट्या काहून फसल्या ते एकतीस तारखेच्या आत सरांना लिहून द्यायचं. नाही तर अंबाडी बंद, तीन वर्षांची मेहनत पाण्यात. मी हूं हूं करत राहिलो. फोन ठेवला अन स्वतःचीच किळस आली. पोरीचं आयुष्य बुडवून मी गप्पा ऐकून राहिलो!

२८ डिसेंबर
सांगितलं. तिनं हॅलो म्हणायच्या आतच. "तेल लावलं होतं बाई. एरंडीचं. खोटं बोललो."

ती म्हणाली, "माहीत आहे काकाजी. मशीननं पहिल्याच दिवशी तेल दाखवलं."

म्हटलं, मग इतके दिवस बोलली काहून नाही?

"सर म्हणे, त्या म्हाताऱ्याचा वाख बंद कर. मी म्हटलं, एकतीसपर्यंत थांबा, ते स्वतः सांगतील. न सांगणाऱ्याच्या हातचा वाख माणसाच्या हाडात कसा घालू? म्हणून तर रोज फोन करून राहिली होती मी."

उद्या सरांना लिहून देते म्हणाली. अन ठेवला. दोन मिनिटंही नाही झाली.

म्हणजे जेवलात का, थंडी किती — सगळं त्याच्यासाठी! चूक माझी, तिच्यावर कशाले रागावू. पण फार लागलं. आता तिचं काम झालं. उद्यापासून सातले मी काय करू?

२९ डिसेंबर
सातले फोन वाजला. सर हो म्हणाले, बिनतेलाची खेप पाठवा — पण हे तिनं शेवटी सांगितलं. आधी विचारलं, "जेवलात का काकाजी?"

म्हटलं, नाही. वाट पाहून राहिलो होतो.