खुर्ची रिकामी होण्याआधी

॥ श्री ॥
सोलापूर, २० जानेवारी २०२५

ती. स्व. अक्कास,
मल्लेशचा सा. न. वि. वि.

मंद्रूपला पोचायला अर्धा तास लागतो, मग पाकीट कशाला, असं पोस्टातल्या बाईंनी आज पुन्हा विचारलं. मी फोनवर नुसतं 'बरं चाललंय' म्हणतो आणि पत्रात खरं बोलतो, हा तुझा शोध त्यांना सांगितला नाही.

तर खरं ऐक. नोकरी मिळाली! निवृत्त होऊन अकरा महिने झाले. जिथे गेलो तिथे चहा मिळाला, 'कर्नलसाहेब' म्हणून मान मिळाला, आणि शेवटी सगळ्यांनी सिक्युरिटीचं प्रमुखपद पुढे केलं. पुण्यातल्या एका मुलीने तर माणसं सांभाळण्याचा अनुभव आहे का, असं विचारलं. आठशे माणसांची पलटण सांभाळली म्हणालो, तर तिने कागदावर नुसती बरोबरची खूण केली. शुक्रवारी मात्र अक्कलकोट रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्याच्या मालकांनी मला थेट सीईओची जागा दिली. सतरा फेब्रुवारीला रुजू व्हायचं. तोवर कुणाला बोलू नका, असंही बजावलं. तुला सांगतोय, कारण तू 'कुणी' नाहीस.

सध्या त्या जागेवर सिद्धप्पा नावाचे गृहस्थ आहेत. चौतीस वर्षं त्याच कारखान्यात काढलीत. रविवारी त्यांच्या घरी जाणार आहे. आमच्या फौजेत जाणारा अधिकारी येणाऱ्याला आठवडाभर सोबत हिंडवतो. कुठे काय बिघडलंय, कोण माणूस कामाचा, सगळं सांगतो आणि मगच दोघांच्या सह्या होतात. त्याला चार्ज घेणं म्हणतात. जाणाऱ्याला न भेटता त्याच्या खुर्चीत बसायचं मला तरी जमणार नाही.

रेश्मा खूश आहे. नवऱ्याचं घरातले डबे उंचीप्रमाणे लावणं आता थांबेल, असं तिला वाटतं.

लोभ आहे तेवढा ठेव, ओरडा थोडा कमी कर.

तुझा
मल्लेश


मंद्रूप, २३ जानेवारी

चि. मल्लेशास,
अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. शेजारची चंद्रव्वा काय झालं काय झालं करत दारात उभी होती, तिला न्हाय काही म्हणून परत धाडलं. आता पोटात दुखतंय.

पण तुझं पत्र अर्धवट आहे. सीईओ दिवसभर करतो तरी काय? मालक असताना आणखी साहेब कशाला लागतो? मालकांच्या केबिनमध्ये गालिचा होता का? आणि चौतीस वर्षं एका जागी राहिलेला माणूस आता का सोडतोय? तब्येत बिघडली का, मुलाकडे चाललाय का? रविवारी हे सगळं विचार. नुसता सलाम ठोकून येऊ नकोस. त्यांच्या बायकोचं नावगाव विचार, आपल्यातलीच असेल तर कुठली तरी सोयरीक निघतेच.

मल्लू, खरं सांगते, गेले अकरा महिने तुझी मला फार काळजी वाटत होती. संक्रांतीला आलास तेव्हा दुपारभर ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होतास. एवढं रिकामं तुला मी कधी पाहिलं नव्हतं. ते आता संपलं.

शेंगाचटणी आणि कडक भाकरी एसटीने पाठवते आहे. सगळी एकट्याने खाऊ नकोस.

सविस्तर उत्तराची वाट बघणारी
अक्का


सोलापूर, २७ जानेवारी

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे सगळे प्रश्न घेऊन काल सिद्धप्पांकडे गेलो आणि भलत्याच घोळात सापडलो.

कारखान्यात येतोय, त्याआधी तुम्हाला भेटायचंय, एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. दार उघडलं ते हसतच. त्यांच्या पत्नी धनलक्ष्मीबाई वळसंगच्या. त्यांच्या मावशी आपल्या सुंदरम्माकाकूंच्या जाऊबाई निघाल्या, म्हणजे सोयरीक झाली. मग कन्नडमध्येच गप्पा सुरू झाल्या. पुरणपोळी वाढली. आणि जेवताना सिद्धप्पा म्हणाले की तुमच्यासारखा माणूस सिक्युरिटीला मिळतोय हे लई बरं झालं, मालकांपाशी मी तुमच्यासाठी शब्द टाकतो.

अक्का, त्यांना माहीतच नाही! तब्येत ठणठणीत आहे, मुलगा सोलापुरातच आहे, कुठे जायचा विचारही नाही. पुढच्या वर्षी रंगखात्यात काय बदलायचं, ते सांगत होते.

तोंड उघडणार तोच ते उठले आणि मला हौसेने कारखाना दाखवायला घेऊन गेले. एक शेड चालू होती. डोळे मिटून उभे राहिले आणि आवाजावरून तिसऱ्या रांगेतला एक माग ओळखून म्हणाले, याचा धागा तुटणार. मिनिटाभरात तुटला. विणकरांशी तेलुगूत बोलतात, ऑफिसात मराठीत, मशीनशी बहुतेक कन्नडमध्ये. मी शंभर प्रश्न विचारले. एवढं कुतूहल मला अकादमीत पहिल्या वर्षीच वाटलं असेल. फाटकाशी आलो तेव्हा हाताखालच्या माणसाला धीर द्यावा तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घाबरू नका, मी आहे, म्हणाले.

सतरा तारखेला हा माणूस डबा घेऊन येईल आणि त्याच्या खुर्चीत मी असेन. मालकांना शब्द दिलाय. सांगावं, तर नोकरी जाईल. न सांगावं, तर काय जाईल ते मला नीट लिहिता येत नाही. काय करू?

गोंधळलेला
मल्लेश

ता. क. गालिचा होता. हिरवा.


मंद्रूप, ३० जानेवारी

चि. मल्लेशास,
आशीर्वाद.

सांगू नकोस. हे मालकाचं काम आहे, त्यानेच करावं. तुझ्या हातून काही वाईट झालेलं नाही. तू गप्प बस, सतराला रुजू हो आणि मग त्या माणसाला काय मान द्यायचा तो दे. खुर्चीत असलास तरच काही देता येईल.

मी स्वार्थी लिहितेय, हे कळतंय मला. पण ओट्यावरचा तो मल्लेश मला पुन्हा बघायचा नाही. दुसरी नोकरी दारात उभी नाही, हे विसरू नकोस.

त्यांना लग्नाची मुलगी वगैरे नाही ना? नसू दे.

तुझ्याच काळजीत असलेली
अक्का


सोलापूर, ३१ जानेवारी

ती. स्व. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर यायच्या आधीच मी करून बसलो. आता रागावून उपयोग नाही.

बुधवारी मालकांकडे गेलो. सिद्धप्पांना तुम्ही स्वतः सांगा, मला महिनाभर त्यांच्या हाताखाली शिकू द्या, असं म्हणालो. आधीच सांगितलं तर तो रंगखात्याची माणसं घेऊन समोरच्या कारखान्याकडे जाईल, म्हणून सतराला सकाळीच सांगायचं ठरलंय, असं त्यांनी शांतपणे समजावलं. मग आज मी सिद्धप्पांना गाठलं. कारखान्याबाहेर टपरीवर चहा घेत होते. मी उभ्यानेच म्हणालो, "सिद्धप्पा, तुमची जागा मालकांनी मला दिलीय. सतरा तारखेपासून. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी कप धुऊन ठेवला. टपरीवाल्याचा कप, अक्का, यांनी धुतला. आणि माझ्याकडे न बघता आत गेले.

तिथूनच मी मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, कर्नल, तुम्हाला एक गोष्ट चार आठवडे पोटात ठेवता आली नाही, मी तुमच्या हातात कारखाना कसा देऊ? त्यांच्या बाजूने बरोबर आहे ते. नोकरी गेली.

मला वाईट वाटतंय, फार वाटतंय, पण झोप लागेल असं वाटतं.

माया पातळ करू नकोस.

मल्लेश


मंद्रूप, ४ फेब्रुवारी

चि. मल्लेशास,

माझं ते पत्र फाडून टाक. तुझं वाचलं आणि स्वतःचीच लाज वाटली. शाळेतून माझी बदली झाली तेव्हा मला शिपायाने सांगितलं होतं, हे मी कसं विसरले? त्या दिवशी हजेरीपट उघडा टाकून निघून आले होते.

तुझा अभिमान वाटतो आणि तुझ्या पाठीत धपाटाही घालावासा वाटतो. दोन्ही घ्यायला रविवारी ये. ओट्यावर बसलास तर मीही शेजारी बसेन.

अक्का


सोलापूर, १२ फेब्रुवारी

श्री. मल्लेश यांस,
सिद्धप्पाचा नमस्कार.

तुमच्या अक्कांनी आमच्या घरी येऊन धनलक्ष्मीला गाठलं. आधी सोयरीक काढली, मग तुमची नोकरी गेल्याचं सांगितलं, आणि मी आता काय करणार हेही विचारून गेल्या. तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. पण गोष्टी पोटात ठेवण्याचं काय होतं ते आपण पाहिलंच.

त्या दिवशी तुमचा राग आला होता. घरी गेलो, दोन दिवस जेवलो नाही. मग मालकांकडे गेलो. मी बासष्ट वर्षांचा आहे, कधीतरी उठायचं होतंच. मला काढलं याचं दुःख नाही, विचारलं नाही याचं आहे, असं त्यांना तोंडावर सांगितलं. माणसं घेऊन समोरच्याकडे जायचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो त्यांच्या मनात आला, हे त्यांच्याच तोंडून ऐकून मात्र लागलं.

ते म्हणाले, मग राहा. मी म्हणालो, एकतीस मार्चपर्यंतच राहीन. आणि चार्ज देईन तो एकाच माणसाला, जो चार्ज मागायला माझ्या दारात आला. दुसरा कुणी आणलात तर शिकवणार नाही. पाच दिवस बोलले नाहीत. आज, त्याला फोन करतो, म्हणाले. त्यांना थोडा वेळ द्या, माणूस वाईट नाही, भित्रा आहे.

फोन आला की लगेच हो म्हणा. सोमवारी सकाळी सातला, पहिल्या पाळीला या. बूट जुने घाला, रंगखात्यात पाणी असतं. वही आणा. माझ्या टेबलाशेजारी तुमच्यासाठी स्टूल ठेवून घेतलंय. दीड महिना खुर्चीत मीच बसणार आहे.

सोबतीची वाट बघणारा
सिद्धप्पा